पापणी खाली आलीय? कापड वाढलंय की नाडी सुटलीय, ते आधी बघा

मी इचलकरंजीत गेली ३१ वर्षं ब्लाउज शिवते. दोन वर्षांपूर्वी गिऱ्हाइकं विचारायला लागली, "मावशी, रात्री झोप झाली नाही का?" झोप रग्गड होत होती. उजवी पापणी खाली आली होती. सुई ओवताना मान मागं टाकायची, भुवया वर चढवायच्या, आणि संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकायचं. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. नंबर तोच निघाला.

पहिल्यांदा जिथं दाखवलं, तिथं पाच मिनिटांत निकाल लागला. "दोन्ही डोळ्यांची जादा कातडी काढू, दहा वर्षांनी लहान दिसाल." मोजायला पट्टी म्हणून हातात घेतली नाही. माप न घेता कात्री लावणाऱ्याकडं मी कापडसुद्धा देत नाही, डोळा कुठला देते? उठून आले. मग मिरजेला ऑक्युलोप्लास्टीच्या डॉक्टरांकडं गेले. हे डोळ्यांचेच डॉक्टर असतात, पण पापणी, अश्रूंची नळी आणि डोळ्याभोवतीची खोबण यांचं वेगळं शिक्षण घेतलेले. तुम्हीही गेलात तर असंच कुणी शोधा.

जायच्या आधी घरी एवढं करा. पडदा लोंबतो तेव्हा तीनच गोष्टी झालेल्या असतात: कापड जास्त झालंय, नाडी सुटलीय, नाहीतर वरची दांडीच खाली आलीय. पापणीचं तसंच आहे. आरशासमोर उजेडात बसा, कपाळ सैल सोडा. भुवई अंगठ्यानं हाडाच्या कडेवर उचलून धरा. तेवढ्यानं डोळा मोकळा झाला तर दांडीचा दोष, म्हणजे भुवई उतरलीय. नाही झाला तर लोंबणारी कातडी चिमटीत हलकेच उचला आणि पापण्यांचे केस जिथं उगवतात ती कड बघा. कड जागेवर असेल, म्हणजे बुबुळाचा वरचा एखाद-दोन मिलिमीटर भागच झाकत असेल, तर कापड वाढलंय. कडच बाहुलीकडं उतरलीय, तर नाडी, म्हणजे पापणी उचलणारा स्नायू किंवा त्याचं टोक. पुष्कळ जणांत दोन-दोन दोष एकत्र असतात. माझ्यात नाडी आणि कापड दोन्ही निघाले.

दहा वर्षांपूर्वीचे लग्नकार्यातले फोटोही काढा. हळूहळू उतरलीय की लहानपणापासूनच तशी आहे, हे त्यात दिसतं. आणि आठवडाभर रोज सकाळी एक, संध्याकाळी एक असा फोटो घ्या. हे का, ते माझ्या नणंदेवरून सांगते. तिची पापणी सकाळी ठीक आणि दिवेलागणीला खाली, कधी डावी तर कधी उजवी, शिवाय एकाचे दोन दिसायचे. डॉक्टरांनी मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटं बर्फ धरला आणि पापणी वर आली! तो मायस्थेनिया निघाला, नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट न पोचण्याचा आजार. तिला रक्ततपासणी, छातीचा स्कॅन आणि गोळ्या लागल्या. ऑपरेशनचा विषयच तिथं संपला.

पापणी एकाएकी पडली, सोबत डोकं जोरात दुखतंय, एकाचे दोन दिसतायत किंवा एक बाहुली मोठी झालीय, तर अपॉइंटमेंट घेत बसू नका. त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा. मेंदूतली रक्तवाहिनी फुगून नस दाबत असू शकते. एकीकडची बाहुली बारीक होऊन पापणी जराशीच उतरली असेल, तरी तेही लवकर दाखवायचं.

मिरजेच्या डॉक्टरांनी टॉर्च धरला. बाहुलीत प्रकाशाचा ठिपका चमकतो, त्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं. साधारण ४ ते ५ मिलिमीटर असावं लागतं. माझं उजवीकडं १, डावीकडं ३. मग त्यांनी माझी भुवई अंगठ्यानं गच्च दाबली, कपाळानं लबाडी करू नये म्हणून, आणि म्हणाले, "खाली बघा... आता डोकं न हलवता वर बघा." पापणीची कड किती सरकते ते पट्टीवर बघितलं. १३ मिलिमीटर. १२च्या वर म्हणजे पापणी उचलणारा स्नायू ठणठणीत. ४ किंवा त्याहून कमी भरलं तर त्यात दम नाही. नाडीच्या दोषात कुठलं ऑपरेशन, हे मुख्यतः या दुसऱ्या आकड्यावर ठरतं. म्हणून कागदावर तो लिहून मागा. मोजलाच नसेल तर पुढचं काही ऐकू नका.

माझा स्नायू चांगला, पण त्याचं पातळ टोक पापणीतल्या कडक पट्टीला जिथं शिवलेलं असतं तिथं सैल पडलेलं. वयानं होतं, वर्षानुवर्षं डोळे चोळल्यानं होतं, कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांत आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही होतं. थोडक्यात, नाडी शाबूत आणि तिची शिवण उसवलेली. अशा वेळी पापणीच्या घडीत चीर देऊन ते टोक पुढं ओढून परत शिवतात. स्नायू मध्यम असेल तर थोडा आखूडही करतात.

मी विचारलं होतं, बाहेर टाके नकोत, आतून नाही का करता येत? येतं. पापणी थोडीच उतरलेली असेल आणि फेनिलेफ्रिनचे थेंब घातल्यावर काही मिनिटांत वर येत असेल, तर पापणी उलटून आतला एक छोटा स्नायू आखूड करतात, बाहेर व्रण राहत नाही. माझी थेंबांनी वर आली खरी. पण जादा कातडी काढायला बाहेरून चीर पडणारच होती, मग एकाच चिरेत दोन्ही कामं का करू नयेत, असं डॉक्टरांचं म्हणणं. मला पटलं. एकदा उसवलंय तर अस्तरही त्याच वेळी नीट करावं.

थेंबांनी आणखी एक गंमत दाखवली. उजवी वर आली आणि डावी खाली उतरली! दोन्ही पापण्यांना मेंदूकडून सारखाच जोर मिळतो. एक बाजू पडलेली असली की जोर वाढतो आणि दुसरी उगाच टवटवीत दिसते. एकच डोळा करून घेतला असता तर महिन्याभरात दुसऱ्याची तक्रार घेऊन गेले असते. एका डोळ्याचं ऑपरेशन सुचवलं तर ही तपासणी करायला जरूर सांगा.

स्नायूत दमच नसेल तर पापणी कपाळाच्या स्नायूला बांधतात, सिलिकॉनच्या दोरीनं किंवा मांडीतून काढलेल्या पट्टीनं. मग भुवई उचलली की पापणी उचलते. शेजारच्या अक्कांच्या नातवाचं असंच झालंय, जन्मतःच पापणी खाली होती. "मोठा झाल्यावर बघू" असं घरचे म्हणत होते. ते चुकीचं. बाहुली झाकली गेली तर तो डोळा बघायला शिकतच नाही, आळशी होतो. लहान मुलाला लगेच दाखवा, ऑपरेशनची वेळ डॉक्टर ठरवतील. अशी पापणी बांधल्यावर पोरं झोपेत डोळा किंचित उघडा ठेवतात, रात्री मलम घालावं लागतं.

नुसतंच कापड वाढलं असेल तर ब्लेफरोप्लास्टी, म्हणजे कातडी काढणं. इथं हात आखडता असलेला डॉक्टर बरा. कमी कापलं तर पुन्हा कापता येतं, जास्त कापलं तर डोळा मिटत नाही. भुवईच उतरलेली असताना पापणीची कातडी काढली तर भुवई आणखी खाली ओढली जाते.

डोळे कोरडे असतील, चुरचुरत असतील, तर आधीच सांगा. पापणीच्या कडेला कागदाची पट्टी लावून अश्रू मोजतात. कोरड्या डोळ्याची पापणी फार वर घेतली की त्रास वाढतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आपल्या मनानं बंद करू नका, ज्यांनी दिल्यात त्यांनाच विचारा. मेडिक्लेम असेल तर दिसण्यासाठी केलेल्या ऑपरेशनचे पैसे मिळत नाहीत. नजर झाकली जाते हे दाखवायला दृष्टिक्षेत्राची तपासणी दोनदा करून घ्या, एकदा तशीच आणि एकदा पापणी चिकटपट्टीनं वर धरून. फोटोही जोडा.

ऑपरेशन भूल देऊन, पण जागेपणीच झालं. टोचणं सोडलं तर दुखलं नाही. मधेच मला उठवून बसवलं. "समोर बघा." कच्चा टाका घातलेला होता. डॉक्टर मागं सरकून दोन्ही डोळे निरखत होते, अगदी मी ट्रायलला बाईला आरशासमोर उभी करते तसं. उजवा टाका सोडून पुन्हा घातला, मग पक्का केला.

पहिले चार दिवस तोंड सुजून भोपळा. बर्फ, थेंब, रात्री मलम. सातव्या दिवशी टाके काढले. खूप कळ येऊन डोळा बाहेर आल्यासारखा वाटला किंवा दिसेनासं झालं तर मध्यरात्रीसुद्धा फोन करायचा, हे त्यांनी दोनदा बजावलं. आत रक्त साठलं तर नजर जाऊ शकते. क्वचित होतं, मला झालं नाही.

आता मान सरळ ठेवून काळा दोरा ओवते. उजवीची घडी डावीपेक्षा केसभर वर बसलीय. कुणाला कळत नाही, पण माझ्या नजरेतून सुटत नाही. डॉक्टर म्हणाले, हवं तर दुरुस्त करू. म्हटलं राहू दे, मुंढ्यात एवढा फरक मीही सोडते.