हाडं भार कशी पेलतात, हे मुंबईत राहून शिकायचं असेल तर

मेकॅनिकलची मुलं विचारतात, ‘प्राण्यांच्या हाडांवर काम करायचंय, पण बायोलॉजी दहावीनंतर सुटलं, चालेल का?’ प्राणिशास्त्रवाले विचारतात, ‘गणित कच्चं आहे, चालेल का?’ दोघांनाही मी एकच सांगतो: चालेल, पण आधी खाटकाकडे जाऊन या.

हे मी गमतीत सांगत नाही. मी स्वतः मेकॅनिकलवाला. बीम, शाफ्ट, स्ट्रेस, स्ट्रेन सगळं परीक्षेपुरतं पाठ होतं. पण हाड हातात घेतल्याशिवाय ते कुठे जाड आहे, कुठे पातळ, पोकळी कुठे संपते आणि जाळीदार भाग कुठे सुरू होतो, हे डोक्यात बसत नाही. मटणाच्या दुकानात जाऊन म्हणायचं, ‘दादा, मागच्या पायाची नळी द्या, अख्खी. सत्तूर लावू नका.’ पहिल्यांदा ते चमकून बघतात, नंतर ओळख होते. पाय घ्यायचे असतील तर भाजलेले नकोत, कच्चे मागा. केस काढायला पाय आचेवर धरतात, तेव्हा हाडाच्या पृष्ठभागातलं कोलॅजन (हाडाला चिवट ठेवणारं प्रथिन) बिघडतं आणि तुमच्या चाचणीचे आकडे फुकट जातात. मोठं हाड हवं तर म्हशीचं. परदेशी पेपरांत सगळीकडे गायीचं फीमर, म्हणजे मांडीचं हाड, असतं, पण २०१५ पासून महाराष्ट्रात गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे, म्हणून इथल्या प्रयोगशाळांत म्हशीचं हाड येतं. तुलना करताना हा फरक लिहायला विसरू नका.

हाड आणल्यावर ते वाळू द्यायचं नाही. वाळलेलं हाड ओल्या हाडापेक्षा ताठ होतं, पण ठिसूळही होतं. उकळू नका, फॉर्मलीनमध्ये बुडवू नका. सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळा, पिशवीत हवाबंद करा आणि उणे २० अंशांवर ठेवा. घरचा फ्रीझर वापरणार असाल तर आईशी आधी बोलून घ्या.

आता गणित. नळीचा मधला भाग बाहेरून १६ मिमी आणि आतली पोकळी १० मिमी धरा. तेवढाच माल घट्ट ओतून भरीव दांडा केला तर त्याचा व्यास साडेबारा मिमी होईल. आडव्या छेदाचा दुसरा मोमेंट काढा, म्हणजे छेदाच्या आकारामुळे वाकण्याला किती विरोध होतो त्याचं माप: पोकळ नळीचा सुमारे २७२६ मिमी⁴, भरीव दांड्याचा ११९५. म्हणजे वजन तेच, पण वाकण्याला विरोध सव्वादोन पटींहून जास्त, आणि मोडण्याची ताकद पावणेदोन पटींच्या आसपास. हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने करा. मज्जा असलेली नळी आपण रश्श्यात चोखतो, त्या पोकळीचा यांत्रिक अर्थ इथे कळतो.

पळताना पायाच्या हाडावर नुसता उभा दाब येतो, असं नवख्यांना वाटतं. प्रत्यक्षात प्राण्यांच्या लांब हाडांमध्ये मोजलेल्या स्ट्रेनचा (मूळ लांबीच्या मानाने लांबीत पडणाऱ्या फरकाचा) मोठा हिस्सा वाकण्यातून येतो. एका बाजूला दाब, दुसऱ्या बाजूला ताण. आणि हाड ताणाला कच्चं असतं: कॉर्टिकल, म्हणजे बाहेरचं घट्ट हाड दाबात १७० ते २०० मेगापास्कल सोसतं, ताणात साधारण १३०. म्हणून थ्री-पॉइंट बेंडिंगमध्ये, म्हणजे हाड दोन आधारांवर ठेवून मध्ये वरून भार दिला की पहिली चीर खालच्या बाजूने जाते. कॉलेजच्या युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर हे बघता येतं. फक्त एक लक्षात ठेवा, अख्खं हाड आखूड आणि जाड असतं. आधारांमधलं अंतर व्यासाच्या १६ पट तरी हवं असा दंडक आहे, बकरीच्या नळीत ते पाच-सहा पटींवर अडकतं. मग शिअरमुळे (थर एकमेकांवर सरकल्यामुळे) आणि टोकं चेपल्यामुळे मॉड्युलस, म्हणजे मालाचा ताठपणा, खरं असतं त्यापेक्षा कमी निघतं. प्राध्यापकांनी तोंडी परीक्षेत विचारायच्या आधी तुम्हीच ते रिपोर्टात लिहा.

जिवंत, पळत्या प्राण्याच्या हाडावर किती स्ट्रेन येतो हे मोजलं गेलंय. १९८४ मध्ये रुबिन आणि लॅनियन यांनी वेगवेगळ्या प्राण्यांचे आकडे एकत्र मांडले, तेव्हा जोरदार हालचालीतला कमाल स्ट्रेन प्राणी लहान असो की मोठा, साधारण २००० ते ३००० मायक्रोस्ट्रेनच्या पट्ट्यात सापडला. ३००० म्हणजे ०.३ टक्के: १०० मिमी लांबीत ०.३ मिमी. हाड कायमचं बिघडायला लागतं ते ७००० च्या आसपास. म्हणजे दोन ते तीन पट मोकळीक. मग हत्ती आणि उंदीर यांच्यात फरक कुठे पडतो? बीवेनर यांनी १९८९ मध्ये दाखवलं की मोठे प्राणी पाय जास्त सरळ ठेवून चालतात. सांधे कमी दुमडलेले असले की स्नायूंना कमी जोर लावावा लागतो आणि हाडावरचा भारही उतरतो. उंदीर दबून, गुडघे मोडून पळतो, कारण त्याला ते परवडतं.

हे आकडे ज्यातून आले तो स्ट्रेन गेज, म्हणजे ताणली की विजेचा रोध बदलणारी बारीक पट्टी, एकदा तरी स्वतः चिकटवा. काम किचकट आहे म्हणूनच सांगतो. हाडावरचा पातळ पापुद्रा खरवडायचा, बारीक पॉलिश पेपर मारायचा, ॲसिटोनने चरबी पुसायची. कापसावर पिवळट डाग येतोय तोवर पुसत राहायचं. मग सायनोॲक्रिलेटचा एक थेंब, वर टेफ्लॉनची पट्टी, आणि अंगठ्याने मिनिटभर दाब. हा डिंक ओलाव्याने आवळतो, त्यामुळे जुलैच्या मुंबईत तो कुठे आधीच धरतो तर कुठे सुटतो. गेजच्या तारा हाडावर सोल्डर करू नका, आधीच तारा जोडलेले गेज मागवा. १२० ओहमच्या गेजमध्ये १००० मायक्रोस्ट्रेनला फरक पडतो ०.२४ ओहमचा. एवढासा फरक पकडायला व्हीटस्टन ब्रिज (चार रोधांचं मंडल) लागतो, आणि एसी चालू-बंद झाला की आकडा सरकतो, म्हणून शेजारी भार नसलेल्या हाडावर दुसरा गेज लावतात. हाडात मुख्य स्ट्रेनची दिशा आधी ठाऊक नसते, म्हणून तीन दिशांना लावलेल्या तीन गेजांची रोझेट घ्यावी लागते. महाग आहे. कॉलेजात एखादी पडून असेल तर शोधा.

आता माझं मुख्य म्हणणं. या क्षेत्रात सगळ्यात मोठा मोह असतो आकार बघून भार सांगण्याचा. कवटीवर कुठे जाड कड दिसली की लगेच ‘इथे चावण्याचा जोर येत असेल’. माकडांच्या भुवयांवरच्या हाडाच्या कडेबद्दल कित्येक वर्षं असंच म्हटलं जायचं. हायलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या त्या कडेवर गेज चिकटवून त्यांना चावायला दिलं. निष्कर्ष १९९१ मध्ये आला: गालाच्या कमानीच्या मानाने तिथला स्ट्रेन अगदी किरकोळ. ती कड चावण्याचा भार पेलायला आलेली नाही. खालच्या जबड्याचे डावे-उजवे भाग पुढे जिथे जुळतात त्या जोडाबाबत मात्र गेजने उलट गोष्ट सांगितली. चावण्याच्या शेवटच्या टप्प्यात विरुद्ध बाजूचा स्नायू जबड्याची एक भुजा बाहेर ओढतो, आणि जोडाच्या आतल्या बाजूला, जिभेकडे, मोठा ताण येतो.

बकरीची मुंडी आणून मांस साफ केलं की हा जोड स्वतः बघता येतो. खालच्या जबड्याचे दोन भाग हाताने सुटे होतात, कारण बकरीत तो जोड हाडाने भरून निघालेला नसतो. माकडात आणि माणसात तो एकजीव होतो. वरच्या पुढच्या दातांच्या जागी बकरीला नुसती कडक गादी असते, हेही तेव्हाच दिसतं.

हाड सगळीकडे एकाच मालाचं नसतं, हा दुसरा धडा. करी यांनी १९७९ मध्ये तीन हाडं तपासली: लाल हरणाचं शिंग, गायीचं फीमर आणि फिन व्हेलच्या कानातलं हाड. खनिजाचं प्रमाण अनुक्रमे ५९, ६७ आणि ८६ टक्के. ताठपणा खनिजाबरोबर वाढत गेला, तुटायला लागणारी ऊर्जा मात्र घसरत गेली. शिंगाला लागते ती फीमरच्या साडेतीन पट, आणि कानातल्या हाडाला फीमरच्या आठव्या हिश्शापेक्षा थोडी कमी. टक्कर घ्यायची त्याला चिवटपणा हवा, आवाज ऐकायचा त्याला ताठपणा. बोरिवलीच्या उद्यानात चितळांची शिंगं बघाल तेव्हा हे आठवेल. बघाच फक्त. राष्ट्रीय उद्यानातून काही उचलणं गुन्हा आहे आणि १९७२ चा वन्यजीव कायदा हाडांनाही लागू होतो. वन्य प्राण्यांचे सांगाडे अभ्यासायचे तर बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) किंवा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात रीतसर पत्र देऊन विचारा.

आणि मुंबईचाच एक विषय: महालक्ष्मीचं रेसकोर्स. रेसच्या तरुण घोड्यांना पुढच्या पायाच्या नळीवर, तिसऱ्या मेटाकार्पलच्या समोरच्या बाजूला, दुखणं होतं. भरधाव वेगात त्या हाडावर येणारा भार हळू दौडीपेक्षा प्रमाणाने मोठा असतोच, शिवाय त्याची दिशाही बदलते. मैलोन्मैल हळू दौडवून हाड त्या भारासाठी तयार होत नाही. थोडं अंतर पण वेगात पळवलं तर होतं, हे नुनामेकर यांच्या कामातून पुढे आलं. मागे जाऊन कोंबड्याच्या पंखाचा प्रयोग वाचा: रोज फक्त ३६ वेळा भार दिला तेव्हा हाड जेवढं वाढलं, १८०० वेळा दिल्यावरही तेवढंच. हाडाला आवर्तनं मोजण्यात फार रस नसतो. या प्रश्नावर प्रोजेक्ट करायचा असेल तर घोड्यांच्या डॉक्टरांशी बोला, ते उत्तम शिकवतात.

संगणकावरचं काम स्वस्त पडतं. मॉर्फोसोर्स या संकेतस्थळावर कवट्यांचे स्कॅन मिळतात, स्कॅनमधून आकार काढणारं थ्रीडी स्लायसर आणि भाराचा हिशेब करणारं फेबायो फुकट आहेत. २००१ मध्ये रेफिल्ड यांनी ॲलोसॉरस या डायनासोरच्या कवटीवर फायनाइट एलिमेंट (आकाराचे बारीक तुकडे, म्हणजे जाळी, करून भार काढण्याची पद्धत) चालवलं, तेव्हापासून रंगीत कवट्यांचा पूर आलाय. लाल-निळं चित्र कुणीही काढतं. मुलाखतीत मी तीन गोष्टी विचारतो: स्नायूचं बल कुठून आणलंत, मॉडेल कुठे बांधून ठेवलंत, आणि जाळी दुप्पट बारीक केली तेव्हा उत्तर किती हललं. स्नायूसाठी सर्वसाधारण अंदाज छेदाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ३० न्यूटनच्या आसपास धरतात, पण तो अंदाज आहे हे सांगता यायला हवं. बकरीच्या नळीचं मॉडेल आणि त्याच नळीवरचा गेज, दोन्ही जुळवून दाखवणारा विद्यार्थी माझ्या लेखी डायनासोर रंगवणाऱ्यापेक्षा पुढे असतो.

नोकरीचं खरं सांगायचं तर केवळ प्राण्यांच्या हाडांवर पगार देणाऱ्या जागा मुंबईत फार थोड्या. पण हेच कौशल्य गुडघा-खुबा आणि दातांचे इम्प्लांट बनवणाऱ्या कंपन्यांत चालतं, वाहनांच्या क्रॅश सिम्युलेशनमध्ये चालतं. संशोधन करायचं तर पवईच्या आयआयटीत बायोसायन्सेस अँड बायोइंजिनीअरिंग विभाग आहे, आणि गेट या प्रवेश परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकलचा वेगळा पेपर असतो. प्राणिशास्त्रवाल्यांनी स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचे पहिले पाच धडे आणि थोडं पायथन करून घ्यावं. मेकॅनिकलवाल्यांनी पशुवैद्यकीय शरीररचना. लॅटिन नावांची भीती महिन्याभरात जाते.

प्रयोगशाळेला ईमेल लिहाल तेव्हा ‘लहानपणापासून विज्ञानाची आवड’ वगैरे नको. एका हाडाचा भार-विस्थापनाचा आलेख जोडा, खाली छेदाची मापं, हाड ओलं होतं की वाळलेलं, भार किती वेगाने दिला, एवढं लिहा आणि एक प्रश्न विचारा, जो तो आलेख बघून खरोखर पडलाय.