सिस्टिक फायब्रोसिसच्या फुप्फुसविकारावर जनुकोपचार विकसित करताना

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात सीएफटीआर जनुकातील दोषामुळे पेशींतून क्लोराइड नीट वाहत नाही आणि फुप्फुसात दाट कफ साठतो. त्यावर जनुकोपचार करताना प्रथम वाहक (निर्दोष जनुक पेशीत नेणारे साधन) निवडावा. विषाणूवाहक पेशीत सहज शिरतो, पण शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करत असल्याने पुन्हा डोस देणे कठीण जाते. जनुक वाहून नेणारे मेदकण (मेदाचे सूक्ष्म कण) वारंवार देता येतात, मात्र त्यांचा प्रभाव तोकडा पडतो. चाचणी रुग्णाच्याच श्वासनलिकेतील पेशींवर घ्यावी. वरून हवा आणि खालून पोषकद्रव मिळेल अशा रीतीने त्या सच्छिद्र पडद्यावर वाढवाव्यात, पृष्ठभागावरील केसांसारखे तंतू हलू लागले की वाहक सोडावा आणि क्लोराइडचे वहन मोजावे. त्यांवरचा दाट कफ मात्र धुऊन टाकू नये, कारण प्रत्यक्ष फुप्फुसात वाहकाला तोच अडवतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत दरमहा नेब्युलायझरने (औषधाचे तुषार श्वासावाटे देणाऱ्या यंत्राने) सीएफटीआर जनुक दिल्यावर फुप्फुसक्षमतेत प्लासिबोच्या (औषध नसलेल्या नकली उपचाराच्या) तुलनेत ३.७ टक्क्यांचा फरक दिसला. तो अल्प असला, तरी ज्यांच्या शरीरात या जनुकापासून बनणारे सीएफटीआर प्रथिन तयारच होत नाही आणि म्हणून त्या प्रथिनाचे काम सुधारणाऱ्या सध्याच्या मॉड्युलेटर गोळ्या ज्यांना लागू पडत नाहीत, त्यांचा विचार चाचण्यांत आधी व्हायला हवा.