अहिराणी गाणं लिहायचं, गायचं आणि आपल्या नावावर ठेवायचं

अहिराणी गाण्याला मागणी कमी नाही. वरातीत वाजतं, कानबाई देवीच्या मांडवात वाजतं, सुरतेला उधना-लिंबायतमध्ये राहणाऱ्या खान्देशी माणसांच्या मोबाइलवर वाजतं. तरी ज्यानं ते लिहिलं, चाल लावली आणि गायलं, त्याच्या हाती बऱ्याचदा काही लागत नाही. कारणं दोन असतात. एक तर गाण्याची बोली कच्ची असते, म्हणून ते एका लगीनसराईत विरून जातं. नाहीतर कागद कच्चे असतात, म्हणून गाणं टिकतं पण दुसऱ्याच्या नावावर. व्हिडिओ, ड्रोन, कपडे यांवर खर्च करण्याआधी या दोन गोष्टी पक्क्या करा. त्यांना पैसे थोडे लागतात, वेळ भरपूर लागतो.

आधी बोली ठरवा

खान्देशात बोलणं एकसारखं नाही. अहिराणी, लेवा, तावडी, गुजरी या वेगवेगळ्या बोली आहेत. बागलाणाकडची अहिराणी आणि धुळ्याकडची अहिराणी यांतही शब्द बदलतात. गाणं कुणाच्या तोंडी आहे ते पहिल्या ओळीआधी ठरवा आणि शेवटपर्यंत त्याच तोंडातून लिहा. बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१) ओव्या वाचून लिहायला लागलेले बरेचजण त्यांचे शब्द उचलून अहिराणीत टाकतात. बहिणाबाईंची बोली लेवा. ती अहिराणीत मिसळली की ऐकणाऱ्याला पहिल्या अंतऱ्यातच खटकतं, आणि का खटकलं ते त्याला सांगता येत नाही.

सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे प्रमाण मराठीत ओळ लिहायची आणि शेवटी ‘शे’ (म्हणजे ‘आहे’) किंवा ‘व माय’ चिकटवायचं. ‘माझ्या मनमा ती शे’ ही ओळ घ्या. ‘मनमा’ अहिराणी, ‘शे’ अहिराणी, पण ‘माझ्या’ पुण्याचा. ‘मना मनमा ती शे’ म्हटलं की ओळ सरळ होते आणि ‘मना-मनमा’ हा नादही फुकटात मिळतो. षष्ठीला ना-नी-नं, चतुर्थीला ले, सप्तमीला मा, चालू क्रियेला ‘ऱ्हायना-ऱ्हायनी’ एवढी तपासणी प्रत्येक ओळीवर करा. मग उच्चार: हळदीची हयद होते, डोळ्याचा डोया, जळगावचं जयगाव. कागदावर ‘डोया’ लिहून माईकसमोर ‘डोळा’ गाणारे गायक आहेत, शाळेतली सवय ऐनवेळी वर येते. सरावाच्या कागदावर असे शब्द लाल पेननं लिहा.

यमकाचा सापळा ओळखून ठेवा. अहिराणीत भूतकाळ बहुतेक ना-नी-नं वर संपतो, त्यामुळे ‘उनी, बसनी, हासनी’ अशी यमकं झोपेतही जुळतात. चार अंतरे असे लिहिले की गाणं सपाट होतं, कारण कानाला पुढची ओळ आधीच कळलेली असते. यमक नामावर किंवा विशेषणावर पाडा:

तापीनं पानी आटनं
सुकनी मनी कपाशी
बैल दारमा उपाशी

तिन्ही चरण आठ-आठ अक्षरांचे आहेत, जोडाक्षर एकच धरायचं. बहिणाबाईंच्या बऱ्याचशा ओव्याही अशाच आठ अक्षरांवर चालतात, आणि हे माप जात्यावरच्या गाण्यात मुरलेलं असल्यानं गळ्याला ओळखीचं आहे. केरवा तालाच्या आठ मात्रांत आठ अक्षरं एकेका मात्रेला बसतात. दादरा तालात (सहा मात्रा) तीच ओळ दोन आवर्तनं, म्हणजे बारा मात्रा घेते आणि उरलेल्या चार मात्रा शेवटची अक्षरं ओढण्यात जातात. म्हणून दादऱ्यासाठी ओळीच्या शेवटी आ, ई, ओ असा मोकळा स्वर हवा. ‘आटनं’ ओढता येत नाही, ‘कपाशी’ ओढता येतं.

लिहून झालं की गाऊ नका, नुसतं बोलून दाखवा. ज्या बाईनं आयुष्य वावरात काढलं आणि जिचं बोलणं अजून शाळेनं बदललेलं नाही, तिला ओळ सांगा आणि परत म्हणायला लावा. ती नकळत जिथे शब्द बदलेल, तिथे तिचा शब्द घ्या.

जुन्या चाली गोळा करताना

आखाजीची (अक्षय्यतृतीयेची) गौराईची गाणी, झोक्यावरची गाणी, कानबाई-रानबाईची गाणी, हयदीची गाणी, भुलाबाईची गाणी, वहीगायन: नवं गाणं रचणाऱ्याची शिदोरी इथेच आहे. ती व्हिडिओवरून शिकू नका, कारण तिथे पोचेपर्यंत चालीला कीबोर्डच्या पट्टीत कापून बसवलेलं असतं.

दुपारची कामं उरकल्यावर जा. एकट्या बाईला गायला सांगू नका. ही गाणी दोन बाजूंनी म्हणायची आहेत, एकीनं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची. समोर उचलायला कुणी नसलं की बाई दोन ओळींत थांबते आणि ‘मना ध्यानमा नही’ म्हणते. शेजारणी जमवल्या की तीच बाई तासभर गाते. मोबाइल विमान मोडवर ठेवा, रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये घ्या, पंखा बंद करा, आणि मोबाइल घडी घातलेल्या गोधडीवर गायिकेपासून हातभर अंतरावर ठेवा. जमिनीवर किंवा पत्र्याच्या पेटीवर ठेवला तर ठोक्यांची धडधड शिरते. सुरुवातीलाच गाव, तारीख, गाणाऱ्यांची नावं आणि ‘हे गाणं वापरायला आमची हरकत नाही’ एवढं त्यांच्या आवाजात घ्या.

अशी चाल वापरली तर श्रेयात ‘पारंपरिक’ लिहा आणि तुम्ही घातलेले अंतरे तेवढे तुमच्या नावावर ठेवा. सगळ्या गावाचं गाणं स्वतःच्या नावावर टाकणं चूक तर आहेच, शिवाय उद्या तीच चाल दुसऱ्यानं गायली आणि तुम्ही दावा लावला तर तो टिकत नाही.

चाल, पट्टी, लय

बायकांच्या गाण्यांचा मोठा भाग सा ते प, फार तर ध, एवढ्याच जागेत फिरतो. म्हणून ती शंभर जणींना एकत्र म्हणता येतात. मुखडा याच जागेत ठेवा आणि वरचा सा अंतऱ्यासाठी राखा. मुखडाच तारसप्तकात नेला तर ऐकायला भारी वाटतो, पण मांडवातल्या बायका साथ धरत नाहीत, आणि साथ धरली नाही की गाणं पसरत नाही.

पट्टी स्टुडिओत ठरवू नका. पुरुषांना साधारण काळी एक-दोन, बायकांना काळी चार-पाच अशी पट्टी असते, पण तुमची तुम्हीच काढा. अर्धा तास गायल्यावर अंतऱ्यातली सगळ्यांत उंच ओळ सलग दहा वेळा म्हणा. सातव्या-आठव्या वेळी मान ताठ होत असेल तर अर्धा स्वर उतरा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४३-४४ अंशांवर असतो आणि लग्नाचे सगळे कार्यक्रम त्याच दिवसांत येतात. घसा कोरडा असताना जी पट्टी निभते, तीच तुमची खरी पट्टी.

झोक्याच्या गाण्याची लय झोक्यावरूनच मोजा. बारा फुटी दोराचा झोका जाऊन परत यायला साधारण चार सेकंद लागतात. एका फेरीत दादऱ्याच्या सहा मात्रा बसवल्या तर मिनिटाला सुमारे ९० मात्रा होतात. स्टुडिओत हे गाणं ‘जरा उठावदार’ करण्याच्या नादात १२० वर नेतात आणि मग त्यावर झोका घेता येत नाही. वरातीच्या गाण्याचं उलट: तिथे पाय ठरवतात. ट्रॅक लावून अंगणात पाच मिनिटं नाचून पाहा, दम लागला तर लय जास्त आहे.

रेकॉर्डिंग

पैसे कमी असतील तर आवाज घरी आणि वाद्यं स्टुडिओत करा. पत्र्याची खोली टाळा. धाब्याच्या घरात किंवा स्लॅबच्या आतल्या खोलीत, पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर जाड गोधड्या टांगा. गाणाऱ्याच्या पाठीमागची गोधडी सगळ्यांत महत्त्वाची, कारण माईकचं तोंड तिकडेच असतं. कूलर बंद, फ्रीज बंद. माईक तोंडापासून एक वीत दूर आणि किंचित बाजूला ठेवा, म्हणजे प-फ-भ चे फुगे शिरत नाहीत. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा आणि मोठ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील असं बघा. लाल दिवा लागून फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

ढोलकी खरी वाजवा. निदान ढोलकी आणि डफ तरी. शाईच्या (उंच आवाजाच्या) पुडीला एक आणि धुमाच्या (खर्जाच्या) पुडीला एक असे दोन माईक लावा, आणि सूर मिळवून घेतल्याशिवाय एकही टेक घेऊ नका. उन्हाळ्यात कातडं ताणून सूर चढतो, आषाढ-श्रावणात सादळून उतरतो. पावसाळ्यात डफ शेकून घ्यावा लागतो आणि दर दोन-तीन टेकनंतर पुन्हा तपासावा लागतो, नाहीतर गाण्याच्या शेवटी डफ बसलेला ऐकू येतो. मिक्स झालेलं गाणं महागड्या स्पीकरवर ऐकून खूश होऊ नका. साध्या मोबाइलवर शब्द कळतात का ते पाहा, कारण गाणं ऐकलं जाणार आहे तिथेच.

स्टुडिओचं बिल देतानाच पेनड्राइव्हवर चार गोष्टी घ्या: पूर्ण गाणं, आवाजाशिवायचा ट्रॅक, नुसता आवाज, आणि प्रत्येक वाद्य वेगळं. आवाजाशिवायचा ट्रॅक नसेल तर स्टेजवर तुमचंच गाणं तुम्हाला गाता येत नाही. सहा महिन्यांनी मागायला गेलात तर हार्डडिस्क उडालेली असते.

इंटरनेटवरून घेतलेली बीट वापरली असेल तर तिची परवानगी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. तीच बीट शंभर जणांना विकलेली असते, आणि अशा बीटवरचं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे कुणाचं गाणं कुठे वापरलं ते आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, नोंदवता येत नाही. नोंदवलं तर दुसऱ्याच्या गाण्यावर तुमचा खोटा दावा लागतो, किंवा तुमच्यावर त्याचा.

कागद

गाणं तयार झालं की कायद्यानं हक्क आपोआप तयार होतो. नोंदणी सक्तीची नाही, पण भांडणात पुरावा म्हणून उपयोगी पडते. शब्दांच्या किंवा चालीच्या नोंदणीला प्रत्येकी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाला २,००० रुपये शुल्क आहे. ते न जमल्यास निदान एका कागदावर गीत, संगीत, गायन, संयोजन आणि निर्मिती कुणाची, पैशांत कुणाचा किती टक्के वाटा, हे लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. रिलीजच्या आधी. गाणं गाजल्यावर मित्रही सही करत नाही.

एखादी कंपनी किंवा चॅनेल एकरकमी पैसे देऊन गाणं मागते, तेव्हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १९ लक्षात ठेवा. हस्तांतर लेखीच हवं, सही हवी, कोणतं गाणं, कोणते हक्क आणि किती रक्कम हे त्यात हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच समोरचा कागद ‘कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी’ असं लिहून आणतो. तिथे पेन्सिलनं पाच वर्षं लिहा आणि बोलणी तिथून सुरू करा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणालाही देता येत नाही, तसं कलम कागदात असलं तरी ते चालत नाही. ही रॉयल्टी गोळा होते ती इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे. सभासद व्हा आणि प्रत्येक गाणं तिथे चढवा, न चढवलेल्या गाण्याचे पैसे येत नाहीत.

डिस्ट्रिब्युटरमार्फत (गाणं ऑनलाइन अॅपवर पोचवणाऱ्या कंपनीमार्फत) गाणं टाकताना प्रत्येक ध्वनिमुद्रणाला ओळखीचा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक मिळतो, तो वहीत लिहून ठेवा. भाषेच्या यादीत अहिराणी नसेल तर मराठी निवडा आणि नावातच ‘अहिराणी’, ‘खान्देशी’ हे शब्द घाला. तुमचं नाव पहिल्या गाण्यापासून एकाच पद्धतीनं लिहा, नाहीतर एकाच गायकाची तीन खाती तयार होतात.

रिलीजची वेळ सणावरून धरा. आखाजीचं गाणं गुढीपाडव्याला बाहेर हवं, पोरींना पाठ व्हायला महिना लागतो. कानबाई नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, म्हणजे तिचं गाणं आषाढात हवं. लग्नाचं गाणं तुळशीच्या लग्नाच्या आधी.

सुपारी आणि मानधन

यूट्यूबच्या जाहिरातीच्या पैशांसाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तासांचं पाहणं लागतं, आणि त्यानंतरही त्यावर घर चालेल असं धरू नका. घर चालतं ते कार्यक्रमांवर: हळद, यात्रा, मंडळं, सुरत-नाशिक-कल्याणकडची खान्देशी मंडळी. जोडीला जळगाव आकाशवाणीची लोकसंगीताची स्वरचाचणी द्या. ट्रॅकशिवाय, पेटी-ढोलकीवर गाता येत असेल तरच जा.

कार्यक्रमाची सुपारी घेताना निम्मा इसार हातात पडल्याशिवाय तारीख धरू नका. साउंड कुणाचा, गाडीभाडं कुणाचं, किती तास गायचं, पाऊस आला तर काय, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या आणि समोरून ‘मान्य’ येऊ द्या. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद करावा लागतो आणि हळदीचा कार्यक्रम तर नवाला सुरू होतो, तेव्हा उशीर त्यांच्याकडून झाला तरी मानधन पूर्ण, हे आधीच बोला. परवानगी काढणं आयोजकाचं काम, पण तिची प्रत मागा. उरलेली रक्कम शेवटच्या गाण्याआधी घ्या. आणि प्रत्येक कार्यक्रमाची पत्रिका, बॅनरचा फोटो, पेपरातलं कात्रण तारखेनिशी एका फाइलला लावत चला. ज्येष्ठ कलावंतांच्या सरकारी मानधनासाठी अर्ज करताना कामाचे पुरावे लागतात, आणि आयुष्यभर गायलेल्या माणसाकडेही त्या दिवशी कागद सापडत नाही.