डब्ब्याचा बोर्ड मोजायचा कसा: नुसत्या जीएसएमवर जाऊ नका

संत्रा बर्फीचा डब्बा बनवायचा असो की दुकानाच्या कॅरीबॅगचं बूड, नागपुरात बोर्ड म्हणजे पुठ्ठा घ्यायला आलेला माणूस दुकानात एकच विचारते, "तीनशेचा आहे का?" अन् दुकानदारही हो म्हणून मोकळा होते. तीनशेचा म्हणजे एक चौरस मीटर बोर्डाचं वजन ३०० ग्रॅम, यालाच जीएसएम म्हणतात, बस एवढंच. डब्बा ताठ राहील की भरल्यावर पोटातून फुगेल हे त्या आकड्यावरून अजिबात कळत नाही. त्यासाठी जाडी लागते, ती मायक्रॉनमध्ये म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात, अन् ती कोणी मोजतच नाही.

आधी जीएसएम उरकून टाका. १० बाय १० सेंटीमीटरचा चौकोन नीट कापायचा, ग्रॅममध्ये वजन करायचं, गुणिले १००. ३ ग्रॅम आलं तर ३०० जीएसएम. पण घरचा किचनवाला काटा काढू नका, तो एकेक ग्रॅमने सरकते म्हणजे तुमचा हिशोब सरळ १०० जीएसएमने इकडेतिकडे. सोनारासारखा ०.०१ ग्रॅमवाला पाहिजे. काटा नसेल तर अख्खं पॅकेट तोला, २३ बाय ३६ इंची ३०० जीएसएमच्या १०० शीट साधारण १६ किलो भरल्या पाहिजेत.

एक भानगड मात्र नागपूरची स्पेशल आहे, ती म्हणजे हवा. कागद हवेतला ओलावा ओढते अन् सोडते. लॅबमध्ये म्हणून बोर्ड आधी २३ डिग्री अन् ५० टक्के आर्द्रतेत ठेवतात, उष्ण देशांसाठी २७ डिग्री अन् ६५ टक्के पण चालते. आपल्याकडे नवतप्यात बाहेर तोंड सुकवणारी कोरडी हवा अन् आत कूलर धो धो पाणी फेकून राहिला, त्याच्या समोर गठ्ठा ठेवला की कडा ओलावा पिऊन लाटा मारतात. बोर्डातला ओलावा ५ टक्क्यांवरून ९ वर गेला तर तीच ३०० ची शीट ३१३ भरते, अन् माल किलोच्या भावाने असते हे विसरू नका, पाण्याचे पैसे देऊन बसाल. तेव्हा कूलरपासून लांब, पंख्याखाली तुकडे सुटे पसरून रात्रभर ठेवा, अन् दोन दुकानांच्या मालाची तुलना करायची असेल तर दोन्ही एकाच खोलीत एकाच वेळी मोजा.

आता जाडी. मलाही सगळ्यात जास्त याच पायरीनं छळलं आहे, म्हणून इथं जरा दमानं वाचा.

वर्नियर कॅलिपर, म्हणजे जबड्यात पकडून मोजायची पट्टी, वापरू नका. दहा जण सांगतील चालते म्हणून, नाही चालत. त्याच्या जबड्याची धार बारीक असते, बोर्डात रुतते अन् आकडा हाताच्या जोरावर बदलते. लॅबच्या मशीनचं तोंड सपाट असते अन् १०० किलोपास्कल असा ठरलेला दाब देते. आपल्यासाठी सपाट तोंडाचा डायल थिकनेस गेज बेस्ट, नाहीतर रॅचेटवाला स्क्रू मायक्रोमीटर. रॅचेट म्हणजे टोकाची टकटक करत घसरणारी मूठ, तीच फिरवायची, मधला दांडा पिळायचा नाही. मायक्रोमीटरचं तोंड लहान असल्यानं दाब जास्त पडते अन् जाडी थोडी कमी दिसते, म्हणून आज गेज अन् उद्या मायक्रोमीटर असं करून आकडे जोडू नका.

आधी तोंड साफ पुसून बंद करा अन् झिरो बघा, कागदाची धूळ तिथं हमखास बसते. मग गेजचा पाय हळू टेकवा, धाडकन सोडला तर बोर्डात खड्डा. कडेवर मोजायचं नाही, कारण कटिंगच्या ब्लेडनं कड उठलेली असते, दोनतीन सेंटीमीटर आत या. शीटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वेगवेगळ्या आठदहा जागी मोजा अन् सरासरी काढा, एकदा दाबलेल्या जागेवर परत मोजू नका. छपाई किंवा लॅमिनेशन झालेला तुकडा तर नकोच. अन् दहा शीट एकावर एक ठेवून दहानं भागणारे विद्वान भेटतात ना, त्यांना हात जोडा, त्यातून एकेका शीटची जाडी कळत नाही.

मग मायक्रॉन भागिले जीएसएम करा, याला बल्क म्हणतात. ३०० जीएसएमचा ग्रे बॅक डुप्लेक्स, म्हणजे मागून करडा असलेला रिसायकल कागदाचा बोर्ड, ३८० मायक्रॉनच्या आसपास असला तर बल्क १.२७, अन् त्याच वजनाचा एफबीबी (फोल्डिंग बॉक्स बोर्ड) ४६० च्या आसपास, म्हणजे १.५३. एफबीबीच्या मधल्या थरात फुगीर लगदा असते म्हणून. आता हा फरक काऊन महत्त्वाचा? कारण कडकपणा जाडीच्या घनाने वाढते, तोच माल १० टक्के जाड असला तर तो सुमारे ३३ टक्के जास्त ताठ. म्हणून कधीकधी कमी जीएसएमचा एफबीबी जड डुप्लेक्सला मागे टाकते, अन् किलोचा भाव जास्त असूनही एका डब्ब्याचा हिशोब जवळपास येऊन बसते.

ग्रेन, म्हणजे बोर्डातले तंतू ज्या दिशेनं लागलेले असतात ती दिशा, बघणं सोपं आहे. छोटा चौकोन कापून मागच्या बिनकोटिंगच्या बाजूला पाणी लावा, तो नळीसारखा वळेल, नळी ज्या दिशेनं लांब ती ग्रेनची दिशा. डब्ब्याला ग्रेन आडवा पाहिजे, म्हणजे उभ्या क्रीजला (घडीच्या रेषेला) काटकोनात, नाहीतर बर्फी भरल्यावर बाजू फुगतात.

बर्फीसारखा तुपकट माल असेल तर रिसायकल कागदाची करडी बाजू खाण्याला लागू देऊ नका, मध्ये बटर पेपर नाहीतर लाइनर टाका, यावर माझ्याशी वाद घालू नका.

ऑर्डर देताना जीएसएम, मायक्रॉन अन् ग्रेनची दिशा, तिन्ही चिठ्ठीवर लिहून द्या, अन् माल आला की पॅकेटच्या वरची शीट सोडून मधली काढून मोजा. वरची बिचारी रस्त्यातच सगळं ऊन खाऊन आलेली असते.