पाळी गेल्यानंतर हाडांसाठी व्यायाम: काय करावे आणि काय टाळावे

दिवसभर राबणाऱ्या बाईला आणखी व्यायाम कशाला, असा प्रश्न बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून चिकोडीपर्यंत कोणत्याही घरात ऐकू येतो आणि वरवर पाहता तो रास्तही वाटतो. भाताची रोपलावण करणारी, वैरणीचे भारे डोक्यावरून आणणारी किंवा निपाणीत मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणारी बाई रिकामी बसलेली नसते. पण श्रम आणि व्यायाम यांत हाडांच्या दृष्टीने मोठा फरक आहे. हाडाला सवयीच्या भाराचे काही वाटत नाही. नेहमीपेक्षा जास्त भार थोड्या वेळासाठी आला तरच ते स्वतःला घट्ट करू लागते. रोपलावण आणि विडीकाम यांत तर भार वाढत नाही, फक्त पाठ तासन्‌तास पुढे वाकलेली राहते, आणि पाळी गेल्यानंतर हाडांना नेमके हेच सोसत नाही.

याचे कारण इस्ट्रोजेन या संप्रेरकात आहे. जुने हाड झिजवणाऱ्या पेशींवर इस्ट्रोजेनचा लगाम असतो. पाळी थांबली की तो सुटतो आणि पुढच्या पाच ते सात वर्षांत काही स्त्रियांच्या हाडांची घनता 20 टक्क्यांपर्यंत घटू शकते. आपल्याकडे पाळी बहुधा पंचेचाळीस ते पन्नास या वयात जाते. ज्यांची पिशवी अंडाशयांसह काढलेली आहे, त्यांच्यासाठी मात्र हा काळ शस्त्रक्रियेच्या दिवसापासूनच सुरू होतो, मग वय पस्तीस का असेना. ही गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगावी, कारण ती विचारली जाईलच असे नाही.

सुरुवात करण्यापूर्वी आपण कोणत्या गटात आहोत हे ठरवणे आवश्यक आहे. किरकोळ पडण्याने मनगट मोडले असेल, उंची चार सेंटिमीटरहून अधिक घटली असेल, पाठीला पोक येऊ लागले असेल किंवा दम्यासाठी अथवा संधिवातासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या असतील, तर आधी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्यावी. अहवाल इंग्रजीत, डॉक्टरांचे बोलणे कन्नडमध्ये आणि रुग्ण मराठी, असा प्रसंग बेळगावात नवा नाही. म्हणून एवढाच आकडा विचारून घ्यावा: टी-स्कोअर किती? उणे 1 किंवा त्याहून वर असेल तर हाडे ठीक आहेत, उणे 1 ते उणे 2.5 च्या दरम्यान असेल तर झीज सुरू झाली आहे, आणि उणे 2.5 किंवा त्याखाली असेल तर तो ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार, समजला जातो. तसे असल्यास व्यायामाबरोबर औषधही लागू शकते, व्यायाम त्याची जागा घेत नाही.

आता प्रत्यक्ष व्यायाम. सकाळचे चालणे हृदयासाठी आणि साखरेसाठी उत्तम आहे, ते सोडू नये. परंतु केवळ चालण्याने मणक्याची किंवा खुब्याची घनता फारशी वाढत नाही. ऑस्ट्रेलियात 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हाडे कमकुवत झालेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजने उचलली. आठ महिन्यांनी त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता सुमारे 3 टक्क्यांनी वाढली होती, तर घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती सुमारे 1 टक्क्याने घटली होती. तेवढी वजने घरी एकटीने उचलण्याचे धाडस कोणी करू नये, पण भार हळूहळू वाढवत नेण्याचे त्यामागचे तत्त्व घरच्या घरी पाळता येते.

त्यासाठी बाजाराची मजबूत पिशवी आणि पाण्याच्या एक लिटरच्या बाटल्या पुरतात, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पिशवीत दोन बाटल्या घालून ती गुडघ्याएवढ्या उंच स्टुलावर ठेवावी. पाय खांद्यांएवढे दूर ठेवून, पाठ सरळ राखून, बसायला खुर्ची शोधत असल्यासारखे नितंब मागे न्यावेत. वाकायचे ते खुब्यातून, पाठीतून नव्हे. पाठ सरळ आहे की नाही हे कळण्यासाठी पहिल्या दिवशी झाडूचा दांडा पाठीवर धरून पाहावा: डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांमधली जागा आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी तो टेकलेला राहिला पाहिजे. मग पिशवी अंगालगत धरून, श्वास सोडत उभे राहावे. असे दहा वेळा करून थोडे थांबावे आणि आणखी दोन फेऱ्या घ्याव्यात. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या तर वजन बरोबर आहे. सहज झाल्या तर पुढच्या आठवड्यात एक बाटली वाढवावी. त्याच दिवशी, हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे आणि भिंतीला हात टेकून दंड काढणे हेही करावे. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेत, मधला दिवस विश्रांतीचा.

दुसरा प्रकार आघाताचा. ओट्याला धरून टाचा उचलाव्यात आणि धपकन खाली टेकवाव्यात, असे वीस वेळा. हाडाला असे थोडे पण ठसठशीत धक्के पुरतात. तेच शंभरदा केल्याने लाभ त्या प्रमाणात वाढत नाही. गौरीच्या रात्री झिम्मा खेळताना आपल्या आज्या पाय आपटत, ते या दृष्टीने उत्तमच होते. फुगडीबाबत मात्र मी सावध राहीन, कारण तीत हात सुटला की पडणे ठरलेलेच. ज्यांच्या मणक्याचे हाड एकदा दबले आहे किंवा ज्यांचा टी-स्कोअर फार खाली आहे, त्यांनी हा भाग फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय करू नये.

टाळण्याच्या गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. अमेरिकेतील 1984 च्या एका छोट्या अभ्यासात, ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ज्या स्त्रियांनी पुढे वाकण्याचे व्यायाम केले, त्यांच्यापैकी 89 टक्के जणींचे मणके नव्याने दबून मोडल्याचे आढळले. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण 16 टक्के होते. म्हणून हाडे ठिसूळ झालेल्यांनी पश्चिमोत्तानासन, हलासन आणि पोटाच्या बैठका (उताणे झोपून धड वर उचलण्याचा व्यायाम) सोडाव्यात. योगवर्गात सगळ्या जणी वाकत असताना आपण एकटीने ताठ बसायला संकोच वाटतो, पण तो संकोच पत्करावा. त्याऐवजी पालथे झोपून हात शरीरालगत ठेवावेत आणि छाती जमिनीपासून चार बोटे उचलावी. विडीकाम, शिवणकाम आणि रोपलावण करणाऱ्यांनी तर हे रोजच करावे.

खुब्याचे हाड बहुतेक वेळा पडल्यामुळे मोडते, आणि आपल्याकडे पडण्याचा हंगाम ठरलेला आहे. जूनपासून खानापूरकडच्या अंगणात आणि न्हाणीत शेवाळ धरते, चपलांचे तळवे गुळगुळीत झालेले असतात आणि रात्री वीज जाते. शेवाळ घासणे, न्हाणीत पकडायला दांडी बसवणे आणि उशाशी बॅटरी ठेवणे ही कामे पावसाआधी घरातल्यांकडून करून घ्यावीत. तोल सुधारण्यासाठी चहा उकळेपर्यंत शेगडीपासून दूर, ओट्याच्या कडेजवळ एका पायावर उभे राहावे. दहा सेकंदही जमत नसेल तर सराव रोजचा.

आहाराबद्दल थोडक्यात. पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशी सांगतात. शंभर ग्रॅम नाचणीतून सुमारे 350 आणि मोठा पेलाभर दुधातून सुमारे 240 मिलिग्रॅम मिळते, तेव्हा नाचणीची भाकरी, दही आणि तीळ रोजच्या ताटात असावेत. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

हाडाची घडण सावकाश बदलते, त्यामुळे दोन-तीन महिन्यांत पुन्हा डेक्सा करणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. ती साधारण दोन वर्षांनी आणि शक्यतो त्याच यंत्रावर करावी. तोपर्यंत उंची घटते का हे पाहण्यासाठी दाराच्या चौकटीला पाठ लावून, सकाळच्या वेळी, अनवाणी उभे राहून कोणाकडून तरी डोक्यापाशी पेन्सिलीची खूण करून घ्यावी आणि तिच्याशेजारी तारीख लिहावी.