टीबी आणि शुगर एकत्र असेल तर या चुका टाळा

काउंटरवर एक मामा येतात. हातात दोन पिशव्या. एकीत सरकारी दवाखान्यातून मिळालेली टीबीच्या गोळ्यांची पाकिटं, दुसरीत शुगरच्या गोळ्या आणि घडी पडून फाटायला आलेली चिठ्ठी.

"मामा, टीबीच्या डॉक्टरांना ही दुसरी पिशवी दाखवली का?"

"ते छातीचं बघतात. शुगरशी त्यांचं काय काम?"

औषधांच्या दुकानात इतकी वर्षं काढल्यावर माझं मत झालंय की या दोन वेगळ्या पिशव्या हीच मूळ चूक. बाकीच्या बहुतेक तिच्यातूनच निघतात. कारण शुगरचा इथे थेट जिवाशी संबंध आहे. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये मांडलेला हिशेब असा : मधुमेह असलेला टीबीचा रुग्ण उपचारादरम्यान दगावण्याचा धोका साधारण दुप्पट, आणि बरा झाल्यावर टीबी पुन्हा उलटण्याचा धोका जवळपास चौपट. रक्तात साखर वाढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात, थुंकीतले जंतू जायला जास्त दिवस लागतात. त्यात हृदय, किडनी आधीच थकलेली असतात.

"शुगरमुळंच वजन उतरतंय"

हे वाक्य धोक्याचं. वजन घटणं, गळून जाणं ही दोन्ही आजारांची लक्षणं असल्यानं टीबी शुगरच्या आड लपतो. मधुमेहींमध्ये टीबी पुष्कळदा फुफ्फुसाच्या खालच्या भागात दिसतो, म्हणून एक्स-रे बघून आधी न्यूमोनियाचेच उपचार होतात. शुगर असलेल्या माणसाला टीबी होण्याचा धोका मुळातच दोन ते तीन पट. तेव्हा खोकला दोन आठवडे टिकला की कफ सिरपची दुसरी बाटली मागू नका, थुंकीची तपासणी करून घ्या. थुंकीतले टीबीचे जंतू शोधणारं, गोव्यातल्या कंपनीनं बनवलेलं ट्रूनॅट यंत्र आता बऱ्याच सरकारी केंद्रांत असतं.

उलट बाजूही तशीच. टीबी निघाला की प्रत्येकाची शुगर तपासायची, असं सरकारचा राष्ट्रीय टीबी कार्यक्रमच सांगतो. कुणी तपासली नाही तर आपण होऊन मागा. आणि एकदा तपासून सोडून देऊ नका. मोठ्या जंतुसंसर्गात साखर तशीही चढते आणि आजार आटोक्यात आला की काहींची उतरते. पहिल्या आठवड्यातला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. अंगात रक्त कमी असेल तर तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणीही फसवू शकते, ग्लुकोमीटरचे आकडे सोबत हवेतच.

गोळी तीच, शुगर मात्र तीनशे

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं, लघवी केशरी करणारं तेच. ते यकृताला कामाला जुंपतं, आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या शुगरच्या गोळ्या अंगातून नेहमीपेक्षा लवकर निघून जातात. पंधरा दिवसांत शुगर तीनशेच्या घरात. मग घरात चौकशी सुरू होते, "चोरून गोड खाल्लंत ना?" बिचाऱ्यानं काही खाल्लेलं नसतं.

यावर लोक दोन उपाय करतात, दोन्ही चुकीचे. एक, शुगरची गोळी स्वतःच दुप्पट करायची. दुसरा त्याहून वाईट : टीबीच्या गोळ्या "गरम पडतात, शुगर वाढवतात" म्हणून बंद करायच्या. टीबीचा कोर्स मध्येच सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि मग उपचार लांबतो, औषधंही जास्त त्रासाची. रिफाम्पिसिनला हात लावायचा नाही, बदल शुगरच्या औषधात करायचा, तोही डॉक्टरांनी. मेटफॉर्मिनवर रिफाम्पिसिनचा फारसा वाईट परिणाम होत नाही, म्हणून किडनी ठीक असेल तर डॉक्टर बहुधा तिच्यावर भर देतात. साखर फारच चढली असेल तर इन्सुलिन.

इन्सुलिन म्हटलं की मामांचा चेहरा पडतो. "एकदा लागलं की सुटत नाही म्हणतात." टीबीच्या काळात लागलेलं इन्सुलिन पुष्कळदा आजार आटोक्यात आल्यावर सुटतं. पण हे त्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं.

अर्धी भाकरी की डिंकाचा लाडू?

एकाच घरात दोन पक्ष असतात. सून म्हणते शुगर आहे, अर्धीच भाकरी द्या. आजी म्हणते पोर वाळलंय, शिरा करा, लाडू करा. टीबीत उपाशी ठेवणं हे गोड चारण्याइतकंच वाईट. झारखंडमध्ये टीबीच्या रुग्णांना शिधा देऊन केलेल्या मोठ्या अभ्यासात (निष्कर्ष २०२३ चे) पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं त्यांचा मृत्यूचा धोका सुमारे साठ टक्के कमी दिसला. तो अभ्यास खास मधुमेहींचा नव्हता, पण दिशा तीच. पंचेचाळीस किलोच्या माणसाचे पाच टक्के म्हणजे सव्वादोन किलो.

तेव्हा ताट कमी करू नका, ताटातलं बदला. अंडी, डाळ, उसळ, शेंगदाणे, दही, परवडत असेल तर मासे. भाकरी पोटभर. काटायचं ते साखर, गूळ, रसाचे ग्लास आणि "ताकद येते" म्हणून डब्यातून विकली जाणारी गोड पावडर. ती मीही विकतो, तरी सांगतो. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनांचं प्रमाण विचारून घ्या. टीबीच्या रुग्णाला खाण्यापिण्यासाठी मिळणारे सरकारी निक्षय पोषण योजनेचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला हजार रुपये झालेत, बँक खातं नोंदवलंय का ते आशाताईंना विचारा. टीबी असेपर्यंत एकादशीचा कडक उपास नकोच, इन्सुलिन किंवा गोळी घेऊन उपाशी राहिलात तर साखर एकदम खाली जाते.

पायाला मुंग्या, नजर धूसर

"शुगरमुळं असेल" म्हणून गप्प बसू नका. मुंग्या आयसोनियाझिड या टीबीच्या औषधानंही येतात, त्यासाठी बी-६ जीवनसत्त्वाची छोटी गोळी रोज सोबत असायला हवी. चिठ्ठीत नसेल तर विचारा. लाल-हिरवा नीट कळेनासा झाला किंवा नजर मंदावली तर एथाम्ब्युटॉल या टीबीच्याच दुसऱ्या औषधाचा संशय धरून लगेच डॉक्टरांना गाठा.

शेवटची गोळी घेतल्यावर

साधारण सहा महिन्यांनी कोर्स संपतो, घरात पेढे येतात, आणि शुगरच्या डोसाचं कुणाच्या ध्यानातही राहत नाही. रिफाम्पिसिन थांबलं की यकृत दोनेक आठवड्यांत पूर्वपदावर येतं. वाढवून ठेवलेला डोस मात्र तसाच असतो. मग सकाळी अचानक घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. असं झालं तर लगेच साखरपाणी द्या आणि दवाखाना गाठा.

मामांना मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन तारखांना गोल करून आणायला सांगितलंय : टीबीची शेवटची गोळी, आणि त्याच आठवड्यात शुगरच्या डॉक्टरांची भेट. दोन्ही पिशव्या घेऊन.