मुलं झोपल्यावर डिस्ने वर्ल्ड: मोठ्यांच्या संध्याकाळीचं नियोजन

ऑर्लँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डची सहल ठरली की सगळा हिशेब मुलांभोवती फिरतो: कुठली राइड, कुठल्या राजकन्येला भेटायचं, स्ट्रोलर कुठला. चार-पाच दिवसांतली एक संध्याकाळ फक्त मोठ्यांची ठेवणं सहज जमण्यासारखं आहे. पण ती आयत्या वेळी उगवत नाही. पार्क बंद होण्याची वेळ, बस-मोनोरेलची वेळ आणि मुलांजवळ कोण थांबणार, या तीन गोष्टी आधी जुळवाव्या लागतात.

इथे नाइटक्लब नाहीत, हे आधीच समजून घ्या. एके काळी होते. १९८९ साली सुरू झालेल्या प्लेझर आयलंडवर एकापेक्षा जास्त क्लब होते आणि अनेक वर्षं तिथे रोज मध्यरात्री ३१ डिसेंबर साजरा व्हायचा, आतषबाजीसकट. सप्टेंबर २००८ मध्ये ते क्लब बंद झाले आणि तो भाग आज डिस्ने स्प्रिंग्स या दुकानं-उपाहारगृहांच्या परिसरात सामावला आहे. त्यामुळे पहाटेपर्यंत नाचायचं असेल तर डिस्नेबाहेर, ऑर्लँडो शहरात जावं लागतं. डिस्नेमध्ये जे मिळतं ते वेगळं: छोटे, एखाद्या कल्पनेवर बेतलेले बार, तळ्याकाठची आतषबाजी, चांगलं जेवण, जिवंत संगीत. बहुतेक ठिकाणी मध्यरात्रीच्या सुमारास आवराआवर होते. म्हणून संध्याकाळ साडेपाच-सहालाच सुरू करा.

मुलांजवळ कोण?

मुलांना खोलीत एकटं झोपवून जायचं नाही, अगदी खालच्या मजल्यावरच्या बारमध्येसुद्धा नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत याचं उत्तर बहुधा सोबत आलेले आजी-आजोबा असतात. मग बुकिंग करतानाच एकमेकींत दार असलेल्या दोन खोल्या मागा. अशी विनंती नेहमी मान्य होतेच असं नाही, म्हणून आदल्या आठवड्यात फोन करून पुन्हा विचारा. आजींच्या फोनमध्ये चालू असलेलं अमेरिकन सिम हवं, आणि रिसॉर्टचं (म्हणजे तुमच्या डिस्ने हॉटेलचं) नाव, खोली क्रमांक व तुमचा नंबर कागदावर लिहून दिव्याखाली ठेवलेला हवा. रिसॉर्टची नावं सारखीसारखी असतात. घाबरलेल्या माणसाला नेमकं तेच आठवत नाही.

घड्याळाकडेही बघा. फ्लोरिडा भारताच्या उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं. आजी-आजोबा आदल्याच दिवशी पुण्याहून उतरले असतील, तर संध्याकाळी सातलाच त्यांचे डोळे मिटतात. पाच वर्षांचं पोर त्यांच्यावर सोपवू नका. उलट तुम्ही कॅलिफोर्नियाहून आला असाल, तर रात्रीचे नऊ म्हणजे मुलांच्या शरीराला सहाच वाजलेले. दोन्ही घरांसाठी पहिली रात्र सोडून तिसरी किंवा चौथी निवडलेली बरी.

आजी-आजोबा नसतील तर खोलीवर येणाऱ्या परवानाधारक बेबीसिटर एजन्सी ऑर्लँडोत आहेत. निदान दोन आठवडे आधी ठरवा, किमान तास आणि रात्री उशिराचा जादा आकार विचारून घ्या. दुसरा मार्ग पाळीपाळीचा: एक रात्र तिची मैत्रिणींबरोबर, दुसरी त्याची.

ओळखपत्र: मूळ कागदच

फ्लोरिडात दारूसाठी वय २१ पूर्ण लागतं. केस पांढरे असले तरी ओळखपत्र मागितलं जातं. अमेरिकन राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स असेल तर प्रश्न नाही. भारतातून आलेल्यांनी मूळ पासपोर्ट बरोबर ठेवावा. आधार कार्ड, झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो दाखवून काम होत नाही, आणि रांगेत अर्धा तास उभं राहिल्यावर हे कळणं फार जिव्हारी लागतं. पासपोर्ट चेनच्या छोट्या पाऊचमध्ये अंगाबरोबर ठेवा, मागच्या खिशात नको. एपकॉट या पार्कमध्ये पेयांच्या प्रत्येक गाडीवर तो पुन्हा काढावा लागतो.

एका रात्री एकच परिसर

सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे. नकाशावर जवळ वाटलेली दोन रिसॉर्ट्स प्रत्यक्षात जोडलेली नसतात. एका रिसॉर्टवरून दुसऱ्या रिसॉर्टला थेट बस जात नाही. मधल्या पार्कमध्ये किंवा डिस्ने स्प्रिंग्सला उतरून बस बदलावी लागते. पार्क बंद झाल्यावर तर डिस्ने स्प्रिंग्स एवढाच पर्याय उरतो. रात्री साडेदहाला असा बदल म्हणजे सहज सव्वा तास. म्हणून खालच्या तिन्हींपैकी एक निवडा आणि तिथेच रमा.

*एपकॉट आणि बोर्डवॉक.* माझ्या मते पहिल्या खेपेला हीच संध्याकाळ करावी. एपकॉटच्या वर्ल्ड शोकेसमध्ये तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत आणि पूर्ण फेरी सुमारे १.२ मैल, म्हणजे दोन किलोमीटरच्या आसपास भरते. मुख्य दारातून येऊन तळ्यासमोर उभं राहिलं की डावीकडे मेक्सिको आणि उजवीकडे कॅनडा. डावीकडून सुरुवात करा: मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, इंग्लंड (दालनाचं नाव युनायटेड किंगडम), कॅनडा. कारण साधं आहे. फ्रान्स आणि इंग्लंडच्या मधोमध इंटरनॅशनल गेटवे नावाचं मागचं दार आहे, आणि रात्री शेवट तिथेच करायचा आहे.

मेक्सिकोच्या पिरॅमिडच्या आत ला कावा देल टकीला नावाचा लहानसा बार आहे. संध्याकाळी सातनंतर तिथे रांग वाढत जाते. पाच-साडेपाचला गेलात तर बसायला जागा मिळण्याची शक्यता बरी. इटलीत तुत्तो गुस्तो या वाइन बारमध्ये टेकायला जागा आणि वातानुकूलन दोन्ही मिळतं; पाय दुखायला लागतात ते साधारण तिथेच. पुढे फ्रान्समध्ये बर्फाच्या चुऱ्यातलं ग्रँड मार्निएर (संत्र्याच्या चवीचं मद्य) प्रसिद्ध आहे, आणि इंग्लंडच्या रोझ अँड क्राउनमध्ये बिअर.

अकराही देशांत एकेक ग्लास घ्यायचा, असा एक हट्ट इथे फार लोक धरतात. त्याचा हिशेब करून बघा. अमेरिकेत एक ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल: ५ टक्क्यांची ३५५ मिली बिअर, १२ टक्क्यांची सुमारे १५० मिली वाइन किंवा ४० टक्क्यांचं सुमारे ४४ मिली कडक मद्य. आपल्याकडचा ३० मिलीचा छोटा पेग साधारण १० ग्रॅमचा. म्हणजे इथलं एक ड्रिंक जवळजवळ दीड छोटा पेग झालं. यकृत तासाला साधारण एकच ड्रिंक निपटतं. वर्ल्ड शोकेस सकाळी अकराला उघडतं आणि रात्री नऊच्या सुमारास बंद होतं. दहा तासांत अकरा ड्रिंक सावकाश घेतली तरी अंगावर येतातच, संध्याकाळच्या चार तासांत तर विचारूच नका. शिवाय बर्फाच्या चुऱ्यातली गोड पेयं फसवी असतात. थंडपणा आणि साखर यांत दारूची चव लपते, आणि उन्हात तहान म्हणून ग्लास दहा मिनिटांत संपतो.

दोघांत मिळून चार देश निवडा आणि प्रत्येक ठिकाणी एकच ग्लास वाटून घ्या. उरलेल्या दालनांत खा. दोन पेयांच्या मध्ये एक ग्लास पाणी. खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं, फक्त मागावं लागतं. मेक्सिकोला पोचण्याआधी पोटात काहीतरी भरीव असू द्या. शाकाहारी मंडळींनी हे नक्की पाळावं, कारण गाड्यांवर पोटभरीचं शाकाहारी दर वेळी मिळेलच असं नाही.

रात्रीचा तळ्यावरचा आतषबाजीचा कार्यक्रम बहुधा नऊला असतो. त्या दिवशीची वेळ डिस्नेच्या ॲपवर पाहा. साडेआठपर्यंत फ्रान्स-इंग्लंडच्या टापूत पोचा. कार्यक्रम संपला की सगळी गर्दी मुख्य दाराकडे वळते. तुम्ही मात्र इंटरनॅशनल गेटवेने बाहेर पडा. पाच-दहा मिनिटं चाललं की बोर्डवॉक. तळ्याकाठची लाकडी फरसबंदी, दिवे, आणि जादूगारांच्या कल्पनेवरचा अब्राकॅडाबार. निवांत बसायला ही जागा छान आहे. ग्लास हातात घेऊन पार्कमधून निघू नका; दारू पार्कबाहेर नेता येत नाही आणि बाहेरची आत आणता येत नाही.

स्कायलायनर नावाचा रोपवे याच दारापासून सुटतो. तो विजा चमकू लागल्या की थांबवतात, आणि फ्लोरिडात उन्हाळ्यातल्या दुपारी-संध्याकाळी विजा ठरलेल्याच. परतीसाठी फक्त त्याच्यावर विसंबू नका.

*मोनोरेलवरची तीन रिसॉर्ट्स.* कंटेम्पररी, पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियन. या संध्याकाळीला पार्कचं तिकीट लागत नाही, म्हणून आगमनाच्या किंवा विश्रांतीच्या दिवशी ती चपखल बसते. पॉलिनेशियनमधला ट्रेडर सॅम्स ग्रॉग ग्रॉटो हा बार २०१५ पासून आहे: बिनखिडकीची, पन्नासेक माणसांची खोली, आणि काही ठरावीक पेयं मागवली की दिवे, आवाज आणि भिंतीवरच्या वस्तू अचानक जाग्या होतात. रात्री आठनंतर आत फक्त २१ वर्षांवरचे. इथे चूक होते ती अशी की लोक साडेआठला येतात आणि दीड-दोन तास थांबतात. दुपारी उघडण्याच्या सुमारास येऊन प्रतीक्षायादीत नाव घाला, फोनवर निरोप येईपर्यंत जेवून घ्या. आत जागा नाहीच मिळाली तर बाहेरच्या गच्चीवर बसा. तिथे वयाची अट नाही आणि बहुधा गाणारा असतो.

पॉलिनेशियनच्या वाळूच्या किनाऱ्यावरून मॅजिक किंगडम या पार्कची आतषबाजी तळ्यापलीकडे दिसते, संगीतही ऐकू येतं. त्यासाठी वीस मिनिटं आधी खुर्ची धरा. नंतर ग्रँड फ्लोरिडियनपर्यंत पायवाटेने चालत जाता येतं. तिथे एन्चांटेड रोझ हा शांत बार आहे. लग्नाचा वाढदिवस असेल तर इथलंच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट्स हे उपाहारगृह: २०२४ मध्ये मिशलिन तारा (उपाहारगृहांसाठीचा नावाजलेला मान) मिळालेलं, दहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नसलेलं, आणि कपड्यांचा नियम पाळणारं. टी-शर्ट आणि चपला घालून गेलात तर दारातूनच परत यावं लागेल.

*डिस्ने स्प्रिंग्स.* तिकीट नाही, गॅरेजमधलं पार्किंग फुकट, बसही उशिरापर्यंत. न पिणाऱ्यांसाठी ही सर्वांत चांगली रात्र. सर्क द्यु सोले या कसरतींच्या सर्कशीचा कार्यक्रम, स्प्लिट्सव्हिलमधलं बोलिंग, रॅग्लन रोडमधलं आयरिश संगीत आणि टेबलांमध्ये चालणारं नृत्य. वाइनची आवड असेल तर वाइन बार जॉर्ज. तिथे बाटलीची सक्ती नाही, छोट्या मापाने वेगवेगळ्या वाइन चाखता येतात.

पार्कच्या आत रात्र काढायची असेल

मॅजिक किंगडममध्ये २०१२ च्या नोव्हेंबरपर्यंत पाहुण्यांसाठी दारू नव्हतीच; बी अवर गेस्ट या उपाहारगृहात रात्रीच्या जेवणाबरोबर वाइन-बिअर आली ती तेव्हा. तिथे बारसाठी जाऊ नका. तिथली मोठ्यांची खरी मजा रिकाम्या पार्कमध्ये आहे. आफ्टर अवर्स नावाच्या वेगळ्या तिकिटाच्या रात्री मर्यादित माणसांना बंद झाल्यावर तीन तास पार्क मिळतं. आइस्क्रीम, पॉपकॉर्न आणि काही थंड पेयं त्यातच असतात. या तिकिटावर संध्याकाळी सातपासून आत जाता येतं, म्हणजे त्या दिवसाचं वेगळं तिकीट वाचतं. दुपारी दोन तास झोपा आणि सातला जा. डिलक्स, म्हणजे वरच्या दर्जाच्या, रिसॉर्टमध्ये राहणाऱ्यांना ठरावीक रात्री मॅजिक किंगडम आणि एपकॉटमध्ये बंद झाल्यावर आणखी दोन तास मिळतात, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

हॉलिवूड स्टुडिओज या पार्कमधल्या ओगाज कँटिना या बारला बुकिंग हवंच. आत ४५ मिनिटं मिळतात आणि बऱ्याच जणांना उभंच राहावं लागतं, त्यामुळे तिथे गप्पांची मैफल जमेल असं धरू नका.

बुकिंग आणि पैसे

बहुतेक उपाहारगृहांचं बुकिंग ६० दिवस आधी, फ्लोरिडाच्या पहाटे सहाच्या सुमारास उघडतं. भारतातून करणार असाल तर उन्हाळ्यात दुपारी साडेतीन, हिवाळ्यात साडेचार. रिसॉर्टमध्ये राहणाऱ्यांना मुक्कामाच्या पहिल्या दिवसापासूनचे ६० दिवस मोजून पुढच्या दहा दिवसांपर्यंतचं एकदम करता येतं; म्हणून मागणी असलेली जागा मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांत शोधा, तिथे स्पर्धा कमी. मेनूवरच्या किमतीत कर आणि टिप धरलेली नसते. ६.५ टक्के विक्रीकर आणि १८ ते २० टक्के टिप धरली की आकडा सव्वापटीच्या आसपास जातो. मोठ्या गटाच्या बिलात टिप आधीच लावलेली असू शकते, सही करण्याआधी ती ओळ बघा.

परतीची वाट

प्यायलात तर गाडी चालवायची नाही. फ्लोरिडात रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के आहे, आणि व्हिसावर असलेल्यांसाठी धोका दंडापुरता राहत नाही: दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द होऊ शकतो. पार्क बंद झाल्यानंतर तिथून बस साधारण तासभर मिळतात, मोनोरेल आणि स्कायलायनरही तेवढेच. त्यानंतर ॲपवरून टॅक्सी. बोर्डवॉकवरून ती बोलावताना हॉटेलच्या पोर्चमध्ये उभे राहा. तळ्याकाठी गाडी येत नाही आणि चालक शोधत राहतो. फोनची बॅटरी दिवसभरच्या फोटोंनी संपलेली असते, म्हणून छोटी पॉवर बँक पासपोर्टच्याच पाऊचमध्ये.

रिसॉर्टच्या पाहुण्यांना सकाळी अर्धा तास आधी पार्कमध्ये सोडतात आणि त्या अर्ध्या तासात मोठ्या राइड्स पटकन होतात. उशिराच्या रात्रीनंतरची सकाळ त्यासाठी ठेवू नका. त्या दिवशी मुलांचा पोहण्याचा तलाव, आणि नाश्त्याचं बुकिंग दहानंतरचं.